प्रकल्प नोंदी: सूर्याशेजारून येणारे ठोके

५ जानेवारी २०२५, रविवार, पुणे

नवी वही सुरू. जुनीत शेवटी शेवटी नुसते फाइलींचे पत्ते आणि सर्व्हरला घातलेल्या शिव्याच उरल्या होत्या.

या सहामाहीचं काम एका ओळीत: १४ फेब्रुवारीच्या सुमारास सूर्य जे २१४५-०७५० या पल्सारपासून (पल्सार म्हणजे भराभर फिरणारा, प्रत्येक फेरीला रेडिओ लहरींचा ठोका देणारा तारा) आकाशात जेमतेम सव्वापाच अंशांवरून जाणार आहे, त्या दिवसांत आणि त्याच्या आगेमागे पल्सारचे ठोके किती उशिरा येतात ते मोजायचं. उशीर होतो तो सौरवाऱ्यातल्या, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणाऱ्या कणांच्या झोतातल्या, मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे. उशीर कळला की इलेक्ट्रॉनांचा हिशेब लागतो.

आईला फोनवर सांगितलं. "म्हणजे नवीन तारा नाही सापडायचा?" नाही. "बरं," म्हणाली आणि मामाच्या शेतातल्या हुरड्यावर आली.

गटातल्या बहुतेकांचा जीव गुरुत्वीय लहरींत अडकलाय, आणि ते साहजिक आहे. २९ जून २०२३ ला भारतासकट जगभरच्या पल्सार-गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की, अतिशय संथ, एकेका हेलकाव्याला वर्षं लागणाऱ्या गुरुत्वीय लहरींची चाहूल पल्सारांच्या वेळापत्रकात लागते आहे. ती बातमी वाचूनच मी या गटाच्या दारात येऊन उभी राहिले. आत आल्यावर मात्र मन रमलं ते दुसरीकडेच. पल्सार तिकडे, दुर्बीण इकडे, आणि मधे जे काही पसरलंय त्यात. लहरीवाल्यांच्या लेखी ती काढून टाकायची घाण. एक सीनियर मला 'सफाई खातं' म्हणतो. म्हणू दे. तो जे टाकतो त्यावर माझा प्रबंध उभा राहणार आहे.

९ जानेवारी

आकडे मांडून ठेवते, म्हणजे दर वेळी शोधायला नकोत.

रेडिओ लहरी इलेक्ट्रॉनांतून जाताना रेंगाळतात आणि कमी वारंवारतेच्या जास्त रेंगाळतात. वारंवारता निम्मी केली की उशीर चौपट. जे १७१३+०७४७ हा पल्सार ४.५७ मिलिसेकंदांत स्वतःभोवती एक फेरी मारतो. त्याचा ३०० मेगाहर्ट्झवरचा ठोका ५०० मेगाहर्ट्झवरच्या ठोक्यामागून सुमारे ४७० मिलिसेकंदांनी पोचतो. तोवर पल्सारच्या शंभरेक फेऱ्या होऊन गेलेल्या असतात. हा मोठा उशीर ठरलेला आहे, तो संगणक वजा करतो. मला हवा आहे तो त्यातला बारीक चढउतार.

सौरवारा पृथ्वीपाशी येईतो इतका विरळ होतो की घनसेंटिमीटरमागे पाच-दहा इलेक्ट्रॉन उरतात. सूर्याकडे जावं तशी घनता अंतराच्या वर्गाने चढते. सव्वापाच अंश म्हणजे आमची दृष्टिरेषा सूर्याच्या केंद्रापासून २० सौरत्रिज्यांवरून, १ कोटी ४० लाख किलोमीटरवरून जाणार. त्या दिवशी ४०० मेगाहर्ट्झला अंदाजे ३० मायक्रोसेकंदांचा जादा उशीर अपेक्षित. १२६० ला तीनच. लहरीवाल्यांना १०० नॅनोसेकंदांच्या आसपासची अचूकता लागते. म्हणजे माझी 'घाण' त्यांच्या सिग्नलच्या तीनशेपट.

नासाचं पार्कर यान २४ डिसेंबरला सूर्यपृष्ठापासून ६१ लाख किलोमीटरवरून गेलं. त्यापुढे आमचं काम लांबून बघणाऱ्याचं. पण यान एका वेळी एकाच जागी असतं; आमची रेषा अख्ख्या वाऱ्यातून आरपार जाते.

१४ जानेवारी, संक्रांत

एप्रिल ते सप्टेंबरच्या निरीक्षणांसाठीचा प्रस्ताव मॅडमना, माझ्या मार्गदर्शकांना, दाखवला. दोन्ही पानं तांबड्या शाईने भरून परत आली. तिळगूळ दिला, तरी "हे का करायचं ते पहिल्या परिच्छेदात सांग, शेवटच्या नको." बरोबर आहे त्यांचं.

२२ जानेवारी, खोडद

पहिलं सत्र. आज सूर्य पल्सारपासून २५ अंश लांब; हा पायाभूत डेटा.

नारायणगाव मागे पडलं की उसाच्या आणि द्राक्षांच्या मधून एकदम पांढऱ्या तबकड्या डोकं काढतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एकूण ३०: चौदा खोडदच्या मध्यभागात, उरलेल्या सोळा तीन दिशांना गेलेल्या फाट्यांवर, पार २५ किलोमीटरच्या टापूत. जीएमआरटी, म्हणजे आमची ही रेडिओ दुर्बीण, इथे आली त्यामागे डोंगरांची आड आणि रेडिओ-शांतता ही मोठी कारणं. शांतता आता पूर्वीइतकी नाही.

रात्री गेस्ट हाऊसच्या वॉचमननी बजावलं, "जेवण झाल्यावर फिरायला निघू नका, उसात जनावर आहे." जनावर म्हणजे बिबट्या, जुन्नर तालुक्यात हे कुणी वेगळं सांगत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

जुना बाजार. कुंभारवाड्याच्या बाजूने आत शिरलं की पाने-पकडी, फुटके मीटर, बिनकाट्याची घड्याळं. तिसऱ्या पथारीवर दोन बँडचा जुना ट्रान्झिस्टर मिळाला. दीडशे सांगितले, शंभरला सुटला. खोलीवर आणून मागचं झाकण उघडलं: डायलची दोरी तुटलेली, बॅटरीच्या कप्प्यात पांढरी बुरशी, बाकी फेराइट रॉड आणि गँग शाबूत. सेल घातले तर मिडियम वेव्हवर ७९२ वर आकाशवाणी पुणे खरखरीमागून आली. बार्शीला आप्पांच्या दुरुस्तीच्या दुकानात न्यायचा.

हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, परीक्षेचा अभ्यास मात्र डिसेंबरपासून तसाच पडलाय. मोर्स अजून 'के'च्या पुढे सरकत नाही.

७ फेब्रुवारी, खोडद

सूर्य सव्वानऊ अंशांवर, पल्सारच्या पश्चिमेला. डेटा स्वच्छ. फक्त ३६० ते ३८० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उपग्रहांचा धुमाकूळ. तो भाग कापूनच टाकावा लागतो. वरच्या बँडच्या जरा खाली, ११७६ आणि १२२७ ला, जीपीएस. गंमत अशी की दुर्बिणीचं घड्याळ जागतिक वेळेशी जुळवायला आम्हाला तेच जीपीएस लागतं. ज्याच्या जिवावर वेळ पाहायची त्याच्याच आवाजाने अर्धं आकाश बुजायचं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार, खोडद

आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवते.

सकाळी सात ते दोनचा स्लॉट. जे १७१३, मग जे १९०९-३७४४, मग जे १९३९+२१३४ आणि दुपारी जे २१४५, या क्रमाने, कारण याच क्रमाने ते डोक्यावर येतात. यातला जे १९३९ म्हणजे १९८२ मध्ये सापडलेला पहिला मिलिसेकंद पल्सार, सेकंदाला ६४२ फेऱ्या. एवढा नामवंत, पण टायमिंगला बेभरवशाचा.

काही अँटेना खालच्या बँडवर (३०० ते ५००), काही वरच्यावर (१२६० ते १४६०). दोन्ही बँड एकाच वेळी घ्यावे लागतात. आज खालचा, उद्या वरचा असं केलं तर दरम्यान वारा बदललेला असतो आणि हिशेब कोलमडतो. प्रत्येक पल्सारआधी एखाद्या प्रखर, ठाऊक असलेल्या रेडिओ-स्रोतावर सगळ्या अँटेना नेऊन फेजिंग करायचं, म्हणजे त्यांच्या लहरी एकमेकींत मिळवताना कडा कड्यावर बसतात. पडद्यावर प्रत्येक अँटेनाची फेज एकेक ठिपका. आधी विखुरलेले, दोन-तीन फेऱ्यांत शून्याच्या रेषेवर. दोन ठिपके हट्टाने बाहेरच राहिले. ड्यूटीवरच्या काकांनी ते काढून टाकले आणि न बघताच म्हणाले, "फाट्यावरच्या आहेत ना? सकाळपासून तसंच चाललंय त्यांचं."

जे २१४५ पावणेबाराला लावला. सूर्य इतका जवळ की तबकडीच्या आजूबाजूच्या संवेदनेतून तोही आत येतो आणि पार्श्वभूमीचा गोंगाट वाढतो. ज्या दिवशी मोजमाप सर्वांत नेटकं हवं, नेमका त्याच दिवशी सिग्नल मळकट. नशीब, पल्सार आज चमकत होता. ताऱ्यांमधल्या वायूमुळे पल्सारही लुकलुकतात, आठवड्यात दुप्पट-तिप्पट उजळ किंवा फिके होतात. पहिल्या दहा मिनिटांत प्रोफाइलवर, म्हणजे ठोक्याच्या आलेखावर, दोन शिखरं दिसू लागली, अर्ध्या तासाने मधली दरीही.

तात्पुरत्या फिटमध्येच, म्हणजे मोजलेल्या वेळा गणिताशी जुळवून पाहताना, ठोके उशिरा दिसले. किती ते आज लिहीत नाही. घाईघाईत काढलेला आकडा वहीत उतरला की तोच डोक्यात बसतो.

काकांनी विचारलं, "मॅडम, आला का उशीर?" आला म्हटलं. "मग चहा सांगतो." पुण्यातल्या मैत्रिणींचे फोटो आज कॅफेतले, माझा कंट्रोल रूममधला.

२२ फेब्रुवारी

परत सव्वानऊ अंश, पण आता सूर्य दुसऱ्या बाजूला. ७ तारखेशी हीच जोडी ताडून पाहायची आहे. सत्र सुरळीत.

२८ फेब्रुवारी, विज्ञान दिन, खोडद

ड्यूटी दुर्बिणीपाशी. शाळांच्या गाड्यांची रांग लागलेली. मोबाईल बंद ठेवा, हे सांगून सांगून घसा बसला.

नेहमीचे प्रश्न: यातून एलियन दिसतात का, आवाज ऐकू येतो का, पगार किती. पण जवळच्याच एका शाळेतली सातवीतली मुलगी बराच वेळ वर बघत उभी होती. म्हणाली, "ताई, या जाळीतून पाऊस खाली पडतो, मग लहरी का पडत नाहीत?"

वर्षभरात ऐकलेला सगळ्यांत चांगला प्रश्न. तबकडी म्हणजे पत्रा नाहीच. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी. भोकं मधल्या भागात १० मिलिमीटरची, कडेकडे जावं तशी १५ आणि २० ची. आम्ही ऐकतो त्या लहरींची लांबी २० सेंटिमीटरपासून मीटरभर. भोक लहरीपेक्षा फार लहान असलं की लहरीला जाळी सलग धातूसारखीच. पावसाच्या थेंबाला आणि वाऱ्याला मात्र ती मोकळी. वारा आरपार जातो म्हणून सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्च कमी येतो. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांची ही युक्ती. दोरांच्या चौकटीवर ताणलेली जाळी. तिच्या बळावरच ३० तबकड्या परवडल्या. मुलीने पट्टी काढून हवेत २० सेंटिमीटर धरले आणि परत जाळीकडे पाहिलं.

दुपारी एक शेतकरी आजोबा नातवाला घेऊन आले. सगळं शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाले, "ते ठीक आहे हो ताई, पण तुमच्या दुर्बिणीपायी आमची रेल्वे गेली." पुणे-नाशिक रेल्वेचा आधीचा आराखडा याच पट्ट्यातून होता, दुर्बिणीला अडथळा नको म्हणून तो मार्ग बदलायचं ठरलंय. विजेवर धावणाऱ्या गाडीच्या तारेशी ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे सगळ्या वारंवारतांवर एकदम केलेलं प्रक्षेपण. हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलंही. पण टोमॅटो मुंबईला रात्रीत पोचवायचा तर रेल्वे किती कामाची, तेही त्यांनी मला सांगितलं, आणि ते मला पटलं. दोघांपैकी कुणाकडेच पुढचं वाक्य नव्हतं.

११ मार्च, पुणे

डेटा पुण्याला आला. कापाकापी चालू: उपग्रह, वीजवाहिन्या, एक अनोळखी दर दहा मिलिसेकंदांचा ठोका जो पल्सारसारखा दिसतो आणि निघतो ५० हर्ट्झच्या विजेचा.

सौरवाऱ्याच्या ताडणीसाठी ऊटीच्या दुर्बिणीच्या कामाबद्दल वाचते आहे. ऊटीची १९७० ची. ५३० मीटर लांब, डोंगराच्या उतारावर अशी बसवली की तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहतो. तीही गोविंद स्वरूप यांचीच. लांबचे रेडिओ-स्रोत सौरवाऱ्यातून लुकलुकताना तिने वर्षानुवर्षं पाहिलेत.

या लुकलुकण्यामागे एक जुना इतिहास आहे. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल ज्या दुर्बिणीवर काम करत होत्या, ती त्यांचे मार्गदर्शक ह्यूइश यांनी बांधून घेतली होती मुळात सौरवाऱ्यातलं लुकलुकणं पाहायला. त्या कागदी पट्ट्यांवर बेलना १.३३७ सेकंदांनी येणारा ठोका सापडला आणि तो निघाला पहिला पल्सार. १९७४ चं नोबेल ह्यूइशना मिळालं, बेलना नाही. यावर होस्टेलच्या मेसमध्ये वर्षातून एकदा तरी भांडण होतंच. तेव्हा सौरवारा पाहताना पल्सार हाती लागला, आणि मी पल्सार पाहून सौरवारा शोधते आहे.

३० मार्च, पाडवा, बार्शी

आप्पांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरंच जास्त. पण मागच्या टेबलावर सोल्डरिंग गन अजून गरम. जुन्या बाजारातला ट्रान्झिस्टर समोर ठेवला तसा चष्मा कपाळावरून खाली आला. एक वाळलेला कंडेन्सर बदलला, डायलची दोरी पुन्हा ओवली (ड्रमला अडीच वेढे, मग स्प्रिंग), आणि प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने आय.एफ.ची कॅन कानाने जुळवली. मीटर नाही, काही नाही.

"तुमच्या त्या मशिनीचा स्वतःचा आवाज किती?" त्यांनी विचारलं. सौरवाऱ्याशी त्यांना घेणं नाही. रिसीव्हर कसाय हे महत्त्वाचं. सांगितलं की अँटेनाच्या तोंडाशीच पहिला अॅम्प्लिफायर बसतो आणि तोच सगळ्यात शांत ठेवावा लागतो. "मग बरोबर. पहिल्या स्टेजला खरखर आली की पुढं कुणाच्या बापाला निघत नाही."

रात्री गच्चीवर दोघं. दिवसा जवळचंच स्टेशन धरणारा तोच सेट रात्री कुठकुठली, हिंदी, तेलुगू, कानडी बोलायला लागतो. दिवसा सूर्यामुळे वातावरणात तयार होणारा खालचा थर मिडियम वेव्ह शोषून घेतो. रात्री तो विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परतून लांब जातात. तिथेही कारण मोकळे इलेक्ट्रॉनच. आप्पांना म्हटलं, हेच माझं काम, फक्त जरा लांबचं. "मग शिष्यवृत्ती बरी देतात की," म्हणाले.

२४ एप्रिल, पुणे

फिट झालं.

१४ फेब्रुवारीचा जादा उशीर अंदाजाच्या वर, पण फार नाही. सूर्य सध्या त्याच्या ११ वर्षांच्या चक्राच्या माथ्यावर आहे. नासाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तसं जाहीरच केलंय. तेव्हा थोडं जास्तच निघणार होतं.

खरा पेच दुसरा. ७ आणि २२ फेब्रुवारी, दोन्ही दिवशी सूर्यापासूनचं अंतर सारखंच. वारा सगळीकडे सारखा सुटत असता, तर उशीरही सारखा यायला हवा होता. ७ चा जवळपास दीडपट आहे.

आधी संशय आपल्यावर. पृथ्वीचं आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणातले मोकळ्या इलेक्ट्रॉनांचे वरचे थर? दुपारी, आपल्या अक्षांशांवर, सौरचक्राच्या माथ्यावर ते भरलेलं असतं खरं. तरी ४०० मेगाहर्ट्झला त्याचा वाटा एका मायक्रोसेकंदाच्या आतबाहेर. ताऱ्यांमधला वायू? तो पंधरवड्यात इतका बदलत नाही. पृथ्वीच्या भ्रमणाचं गणित? सूर्याभोवतीच्या कक्षेमुळे ठोके आठ-आठ मिनिटांनी मागेपुढे होतात, त्यामुळे तिथला बारीकसा दोषही महागात पडतो. पण तो सगळ्या वारंवारतांवर सारखा दिसेल, असा वर्गाच्या नियमाने नाही. दोन्ही बँड वेगवेगळे लावून पाहिले. फरक तसाच.

मॅडम प्लॉट बघून बराच वेळ बोलल्या नाहीत. मग: "वारा गोलाकार धरून चालणारे सगळे यावर्षी अडकणार आहेत. लिही."

७ तारखेला रेषा सूर्याच्या पूर्व कडेवरून जात होती, २२ ला पश्चिम. त्या कडेचा वारा पृथ्वीकडे येतच नाही, आडवा जातो. त्यामुळे पृथ्वीच्या बाजूला वारा मोजणाऱ्या आपल्या आदित्य-एल१ यानाचा त्याच दिवशीचा डेटा पाहून उपयोग नाही. पण सूर्य पृथ्वीवरून पाहता २७ दिवसांत एक फेरी मारतो. पूर्व कडेवरचा दाट प्रवाह आठवड्याभराने आपल्या समोर येणार, आणि वाऱ्याला इथवर यायला आणखी तीन-चार दिवस. म्हणजे १७-१८ फेब्रुवारीचे आकडे बघायला हवेत.

२० मे

सकाळी बातमी आली, जयंत नारळीकर सर गेले. ८६ वर्षांचे होते.

त्यांनी उभी केलेली खगोलसंस्था, आयुका, आमच्या शेजारीच, मधे एक रस्ता. त्यांना मी लांबूनच पाहिलेलं, एका व्याख्यानाला. बार्शीच्या वाचनालयातली त्यांची पुस्तकं मात्र मी इतक्यांदा नेली की ग्रंथपाल कार्ड न बघता शिक्का मारायच्या. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, सही उत्तराखाली मिळेल. आज मेसमध्ये एकाने असं जपून ठेवलेलं कार्ड दाखवलं. त्याच्या मोठ्या भावाचं, कृष्णविवराबद्दलचं. उत्तर चार ओळींचं आणि त्यात एक शब्द फालतू नाही.

दुपारनंतर काम झालं नाही.

२७ मे

पाऊस मे महिन्यातच. छत्र्या कुणाच्याच बाहेर काढलेल्या नाहीत, सगळे भिजून मीटिंगला.

आदित्यचे आणि इतर यानांचे १७-१८ फेब्रुवारीचे आकडे मांडले. घनता चढलेली दिसते, पण हाच तो प्रवाह असं शपथेवर सांगण्याइतकी नाही. लेखात 'सुसंगत आहे' एवढंच लिहायचं ठरलं. सफाई खातंवाल्या सीनियरने त्याच्या गुरुत्वीय लहरींच्या फिटमध्ये माझं मॉडेल घालून पाहिलं आणि आता तो मला रोज मेसेज करतो.

१२ जून

लेखाचा मसुदा मॅडमकडे. तांबडी शाई निम्म्यावर आली आहे.

ऑगस्टसाठी वेळ मिळाला. पल्सार जे १०२२+१००१. हा क्रांतिवृत्तावरच, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक वाटेवरच, बसलाय म्हणायला हरकत नाही; २६-२७ ऑगस्टला सूर्य त्याच्या थेट पुढे येतो. त्या दोन दिवसांत काहीच मिळणार नाही. १२ पासून सुरुवात, २१ ला पाच-सहा अंशांवर, मग १ सप्टेंबर आणि १० सप्टेंबर, म्हणजे दोन्ही कडांच्या जोड्या जुळतील. गणपती त्याच आठवड्यात आहेत, २७ ला. गाडीचं बुकिंग आधी करायला हवं, आणि आईला आजच सांगितलेलं बरं.